राजाच्या कबरीतली लोटी

राजा आत नाही, हे देवदत्त सबनीस दिवसातून दोन-तीन वेळा तरी सांगत. न्यू जर्सीतल्या एका छोट्या कॉलेजच्या म्युझियममध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या दालनात, इंग्लंडच्या जॉन राजाच्या कबरीची प्लास्टरची प्रतिकृती होती. मूळ कबर तिकडे वुस्टरच्या कॅथीड्रलमध्ये. सव्वाशे वर्षांपूर्वी कॉलेजच्या कुणा श्रीमंत माजी विद्यार्थ्याला ती आवडली, त्याने साचे काढवून हुबेहूब दुसरी बनवून घेतली आणि कॉलेजच्या गळ्यात मारली. सबनिसांचं काम तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसायचं आणि कुणाचा हात पुढे आला की "प्लीज डोन्ट टच" म्हणायचं. अंगात निळा कोट, कोटावर बिल्ला, बिल्ल्यावर नाव 'डेव्ह'. देवदत्त हे नाव बिल्ल्यावर मावलं असतं, तिथल्या लोकांच्या तोंडात मावत नव्हतं.

सबनीस मूळचे नागपूरचे. दोन हजार साल उजाडलं की सगळे कॉम्प्युटर बंद पडणार अशी बोंब उठली, तेव्हा विमानं भरभरून जी मराठी मंडळी इकडे आली, त्यांतलेच एक. एका विमा कंपनीच्या जुनाट मशीनवर त्यांनी चोवीस वर्षं इमानेइतबारे काम केलं. पिस्कॅटवेला दोन खोल्यांचं अपार्टमेंट झालं, मुलगी अबोली शिकली, लग्न होऊन शिकागोजवळ शॉमबर्गला गेली. मग सबनीस रिटायर झाले. आता जरा हिंडायचं, असं त्यांनी आणि सुमित्राने, म्हणजे त्यांच्या बायकोने, ठरवलं होतं. कुठे कुठे जायचं त्याची यादी सुमित्राने फ्रिजवर चिकटवली. पण मार्चमध्ये तिचं पोट दुखायला लागलं आणि एप्रिल संपायच्या आत ती गेली. यादी अजून फ्रिजवर आहे.

इकडे दहन झालं की अस्थी वेचाव्या लागत नाहीत. दोन दिवसांनी फ्युनरल होमवाले काळी प्लास्टिकची पेटी हातात देतात. आत पिशवी, पिशवीत राखाडी रंगाची, बारीक दळलेली पूड. कपाळ कुठलं, हात कुठला, कळायची सोय नाही. ती पेटी घेऊन अबोली नाशिकला जाणार होती. सबनिसांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीनच आठवडे झाले होते आणि डॉक्टरांनी विमानात बसायला साफ मनाई केली होती. निघायच्या सकाळी अबोली आंघोळीला गेली आणि स्वयंपाकघरात सबनीस आणि ती पेटी, दोघंच उरले.

देवघरात गंगेची लोटी होती. काशीहून आलेली, तांब्याची, मुठीत मावेल एवढी. सुमित्राच्या तोंडात शेवटचं गंगाजल घालण्यासाठी तिचं सील फोडलं होतं, तेव्हापासून ती रिकामी पडून होती. सबनिसांनी पेटी उघडली, पिशवीत हात घातला, एक मूठ भरली आणि लोटीत सोडली. तोंडावर मेणबत्तीचं मेण ओतलं. सुमित्राच्या शिवणाच्या डब्यातला खणाचा तुकडा घेऊन त्यात लोटी बांधली. हे त्यांनी ठरवून केलं का? छे. हाताने आधी केलं आणि त्यांना मागाहून कळलं. त्यांना तिला सगळीच्या सगळी सोडवत नव्हती, एवढंच.

अबोलीने दारात बॅग बंद करताना विचारलं, "बाबा, सगळं आहे ना?"

"सगळं," सबनीस म्हणाले.

मुलीशी ते पहिल्यांदाच इतकं मोठं खोटं बोलले. आणि खोटं बोलून झाल्यावर प्रश्न पडला, लोटी ठेवायची कुठे? अस्थी घरात ठेवायच्या नसतात. गावाकडे झाडाला टांगतात, देवळाच्या आवारात ठेवतात, पण उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. सबनिसांना स्वतःला या कशाचं काही नव्हतं. पण सुमित्राला होतं. शेजारच्या दीपाच्या सासऱ्यांच्या अस्थी भारतात न्यायला कुणाला सुट्टी मिळेना, म्हणून सहा महिने क्लॉझेटमध्ये थंडीच्या कोटांवर ठेवलेल्या होत्या. ते सहा महिने सुमित्राने दीपाच्या घरी चहासुद्धा घेतला नाही. "माणसाला असं कोंडून ठेवतात का हो?" असं म्हणणाऱ्या बाईला क्लॉझेटमध्ये ठेवायचं, हे सबनिसांना कसं जमावं?

अपार्टमेंटसमोर एक मेपलचं झाड होतं, पण गवत कापणाऱ्यांच्या नजरेतून एक फांदी सुटत नसे. शेवटी सबनिसांनी लोटी गाडीच्या डिकीत ठेवली. घराबाहेर आहे, हे तर खरं. आठ महिने सुमित्रा बर्फ उपसायच्या फावड्याशेजारी राहिली. एकदा ग्रोसरी करून येताना बटाट्याची पिशवी फुटली आणि बटाटे गडगडत लोटीवर गेले. सबनीस पार्किंगमध्ये उभे राहून एकेक बटाटा वेचत होते आणि सॉरी सॉरी म्हणत होते. शेजारच्या गाडीतल्या बाईला वाटलं, हा माणूस आपल्याशीच बोलतोय.

म्युझियमची नोकरी त्याच हिवाळ्यात लागली. घरात दिवस सरत नव्हता, आणि इथे निदान माणसं दिसत. अर्थात कबरीच्या दालनात फार कुणी फिरकत नसे. चित्र काढायला आलेली एखादी विद्यार्थिनी, दमून टेकायला जागा शोधणारं एखादं म्हातारं जोडपं. त्यांना सांगायला काहीतरी हवं, म्हणून सबनिसांनी लायब्ररीतून पुस्तकं आणून राजाची सगळी माहिती घोकली. इंजिनियर माणूस, अभ्यासात कमी पडायचा नाही.

हा जॉन राजा कुणालाच आवडत नसे. सरदार त्याच्यावर उठलेले, तिजोरीचं सामान खाडीच्या चिखलात रुतलेलं, आणि स्वतः नेवार्कच्या किल्ल्यात हगवण लागून गेला. म्हणजे इंग्लंडातल्या नेवार्कच्या. आपल्या न्यू जर्सीतल्या नेवार्क विमानतळाचा त्याच्याशी संबंध नाही, हे सबनीस आवर्जून सांगत. आतडी एका मठाच्या वाट्याला गेली आणि देह त्याच्या इच्छेप्रमाणे वुस्टरला. तिथे डोक्याशी दोन छोटे बिशप, पायाशी तलवारीचं टोक चावणारा सिंह, अशी त्याची दगडी मूर्ती कबरीवर निजलेली आहे. पुढे शेकडो वर्षं गेली आणि लोकांना वाटायला लागलं की या कबरीत कुणी नाहीच, राजाला दुसरीकडे कुठेतरी पुरलंय. सतराशे सत्त्याण्णव साली ती उघडली, रिकामी आहे असं धरूनच. तर आत राजा होता. पडल्या जागी, सांगाड्यावर वस्त्राच्या चिंध्या, शेजारी तलवारीचे गंजके तुकडे. बघायला अशी झुंबड उडाली की घाईघाईने कबर पुन्हा बंद करावी लागली. म्हणतात की तेवढ्यात कुणी दात उचलला, कुणी अंगठ्याचं हाड.

अंगठ्यापाशी आले की सबनीस जरा अडखळत. परक्या माणसाचं हाड खिशात घालून घरी नेणाऱ्या त्या लोकांना ते मनातून शिव्या घालत, आणि मग त्यांना आपल्या डिकीची आठवण होई.

एवढं ऐकून पाहुणे हटकून विचारत, "मग यात आहे का तो?" आणि सबनीस सांगत, "नाही हो, हे नुसतं प्लास्टर. रिकामं आहे."

ते रिकामं आहे हे त्यांनीच इतक्या वेळा सांगितलं, की शेवटी त्यांच्या स्वतःच्याच डोक्यात शिरलं. कबरीच्या पायाकडच्या बाजूला, जमिनीलगत, हातभर रुंदीची एक लाकडी फळी होती, दोन स्क्रूंवर बसवलेली. प्लास्टरच्या आतला लाकडी सांगाडा तपासायला कधीकाळी ठेवलेली. एका मंगळवारी म्युझियम उघडायच्या आधी सबनिसांनी ती फळी सोडवली, खणात बांधलेली लोटी आत एका आडव्या दांडीवर ठेवली आणि फळी परत लावली. घर नाही, क्लॉझेट नाही, डिकी नाही. वर छप्पर आहे, पण ते आपल्या घराचं नाही. शेजारी राजा आहे, तोही खोटा, म्हणजे तिला संकोच नको. सुमित्राला यात काढायला खोट सापडणार नाही, अशी त्यांची खात्री पटली.

त्या दिवसापासून सबनिसांचं उत्तर बदललं. "यात आहे का तो?" असं कुणी विचारलं की ते म्हणत, "राजा आत नाही." यात एक अक्षर खोटं नव्हतं.

दोन वर्षं अशी गेली. सबनीस सकाळी येत, खुर्ची भिंतीपासून दोन फूट पुढे सरकवत आणि दालनात कुणी नसलं की हळू आवाजात मराठीत बोलत. आज काय खाल्लं, गुडघा कसा आहे, आन्या म्हणजे आपली नात व्हिडिओ कॉलवर "हाय आजोबा" एवढंच मराठीत कशी म्हणाली, पुढची सगळी वाक्यं इंग्लिश. म्युझियममध्ये सगळे म्हणत की डेव्ह राजाशी गप्पा मारतो. अबोली दर रविवारी फोनवर म्हणे, "बाबा, इकडे या ना राहायला. एकटे काय करता तिथे?" आणि ते म्हणत, "अगं, जॉब आहे ना." अबोली वैतागे. "खुर्चीवर बसायचा जॉब, बाबा!" सोमवारी म्युझियम बंद. तो दिवस त्यांना खायला उठे. संध्याकाळपर्यंत ते फ्रिजवरची यादी चार वेळा वाचत.

मग या वर्षी मे महिन्यात डोनाने सगळ्यांना मेल पाठवली. डोना म्हणजे म्युझियममधल्या प्रत्येक वस्तूची नोंद आणि देखभाल बघणारी बाई, साठीची, काटेकोर. कबर दुसऱ्या राज्यातल्या एका कॉलेजला दिली होती. मंगळवारी डोना फळी उघडून आतला लाकडी सांगाडा तपासणार होती आणि गुरुवारी पॅकिंगवाले येऊन कबर नेणार होते.

सबनिसांनी मेल तीनदा वाचली. लोटी काढून घेणं अवघड नव्हतं. पण काढून ठेवायची कुठे? परत फावड्याशेजारी? आणि रोज सकाळी कोट चढवून यायचं ते कुणासाठी? रविवार-सोमवार त्यांना जेवण गेलं नाही.

मंगळवारी म्युझियम उघडायच्या तासभर आधी ते स्क्रूड्रायव्हर घेऊन कबरीमागे गुडघ्यावर बसले. गुडघा ओरडत होता. पहिला स्क्रू निघाला. दुसरा हलेना. त्यांनी सगळा जोर लावला, तशी स्क्रूची खाचच झिजून गोल झाली. आता तो पुढेही जाईना आणि मागेही येईना. सबनीस तिथेच बसले होते, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"डेव्ह?"

डोना उभी होती, हातात कॉफी. ज्याने दोन वर्षं जगाला "डोन्ट टच" सांगितलं, तो माणूस सव्वाशे वर्षांच्या वस्तूवर स्क्रूड्रायव्हर चालवत होता. पुढचं सगळं बोलणं इंग्रजीत झालं.

"डेव्ह, काय करतोयस तू?"

माझं पेन आत पडलं, असं सांगता आलं असतं. सबनिसांच्या ते ओठावरही आलं होतं.

"माझी बायको आत आहे," ते म्हणाले.

डोनाने कॉफीचा कप जमिनीवर ठेवला. दालनात कॉफी आणायची नाही हा तिचाच नियम होता. मग ती त्यांच्याशेजारी खालीच बसली आणि सबनिसांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. पेटी, मूठ, दीपाचं क्लॉझेट, बटाटे. ऐकून झाल्यावर डोना उठली, ड्रिल घेऊन आली, झिजलेला स्क्रू काढला, हातमोजे चढवले आणि फळीआड हात घालून खणाचं गाठोडं बाहेर काढलं.

"तू लोकांना सांगायचास, आत कुणी नाही म्हणून."

"राजा नाही, असं सांगायचो."

डोनाला हसू आलं. ते तिने लगेच आवरलं. मग तिने एक फॉर्म आणला. वस्तूच्या आत काही सापडलं तर तो भरावा लागतो. "नाव?" तिने विचारलं. सबनिसांनी एकेक अक्षर सांगितलं, सुमित्रा देवदत्त सबनीस. तीन वर्षांत तिचं पूर्ण नाव त्यांना कुणी विचारलं नव्हतं. डोनाने ते सगळं नीट लिहून घेतलं.

"आता ऐक," ती म्हणाली. "मानवी अवशेष असले तर जवळच्या सगळ्या नातेवाइकांना कळवल्याशिवाय मी ते बिल्डिंगबाहेर जाऊ देऊ शकत नाही. तुला मुलगी आहे. तिचे फोटो तू मला रोज दाखवतोस. तिला माहीत आहे?"

सबनिसांनी मान हलवली. नाही.

"मग तिला सांग. तोवर ही माझ्या कपाटात राहील."

हा नियम खरा होता, की डोनाने तिथल्या तिथे केला, हे सबनिसांना अजून कळलेलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी स्टाफरूममधून अबोलीला फोन लावला.

"बाबा? ऑल ओके ना? मी मीटिंगमधून बाहेर आलेय."

"अबोली, एक सांगायचं होतं. आईचं." आणि त्यांनी सांगून टाकलं. दोन मिनिटांत झालं.

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग, "मी विचारलं होतं तुम्हाला. दारात उभं राहून विचारलं होतं, सगळं आहे ना."

"हो."

"तुम्हाला माहितीये, नाशिकला कावळा शिवला नव्हता?"

सबनिसांना माहीत नव्हतं. "तू तर म्हणालीस, सगळं छान झालं."

"मग काय सांगणार होते? तुम्ही इथे गुडघा धरून एकटे बसलेले! दोन तास उभी होते मी त्या पिंडासमोर. आन्याला मराठी शिकवीन म्हटलं, बाबांना माझ्याकडे घेऊन येईन म्हटलं, जे सुचेल ते म्हटलं. कावळे समोर बसले होते, एक खाली येईना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि उरकलं. तीन वर्षं मी विचार करतेय की आईचं काय राहिलं. मी प्रोजेक्ट सोडून एक वीक आधी आले असते तर ती माझ्याशी बोलली असती. तेच राहिलं, माझ्यामुळे राहिलं, असं धरून चाललेय मी. आय डोन्ट इव्हन बिलीव्ह इन इट, बाबा! पण रोज डोक्यात येतं."

"अबोली..."

"मला आत्ता नाही बोलता येत तुमच्याशी." फोन बंद झाला.

सबनीस डबा न उघडताच बसून राहिले. एक मूठ आपण आपल्यासाठी काढली, आणि तिकडे पोरगी तीन वर्षं हात जोडून उभी राहिली. अंगठा पळवणाऱ्यांना त्यांनी इतक्या शिव्या दिल्या होत्या. त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय, हे त्यांना सांगता आलं नसतं. त्यांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

बुधवारी दिवसभर फोन वाजला नाही. संध्याकाळी मेसेज आला. "उद्या येतेय. अकरा वीसला फ्लाइट लँड होतंय. मी येईपर्यंत तिला कुठे नेऊ नका."

गुरुवारी नऊ वाजता पॅकिंगवाले आले. आधी त्यांनी राजाला उचललं. उलटा केल्यावर तो आतून पोकळ निघाला, नुसता काथ्या आणि लाकडी पट्ट्या. मग कबरीच्या बाजू सुट्या केल्या, फोममध्ये गुंडाळल्या, पेट्यांत भरल्या. सिंह शेवटी गेला. दीड तासात खेळ खलास. सबनीस खुर्चीवर बसून बघत होते. कुणाला "डोन्ट टच" म्हणायची सोय उरली नव्हती.

अबोली साडेबाराला आली, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. वडिलांकडे न बघता तिने डोनाच्या फॉर्मवर सही केली. डोनाने हातमोजे पुढे केले, ते तिने घेतले नाहीत. गाठोडं दोन्ही हातांत धरलं. खण ओळखला.

"हा माझ्या परकरातला उरलेला," ती म्हणाली. मग, "कुठे होती?"

सबनीस तिला वर घेऊन गेले. दालनाच्या मधोमध लाकडी जमिनीवर एक फिकट चौकोन होता, बाकी सगळीकडे पायांनी काळवंडलेलं. समोर खुर्ची. अबोली तिच्यावर बसली आणि तिने त्या चौकोनाकडे बोट दाखवलं.

"मी 'इकडे या' म्हणायचे तेव्हा जॉब आहे म्हणायचात. तो हा?"

"हो."

"रोज असे एकटे बसायचात इथे?"

"एकटा कुठे होतो?" सबनीस म्हणाले. हे बोलून गेल्यावर त्यांना रडू आलं, आणि अबोलीने इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांच्या दंडाला धरलं.

तिथून दोघं रॅरिटन नदीवर गेले. गाडीत लोटी अबोलीच्या मांडीवर होती. पार्कच्या टोकाला पाण्यात उतरायला दगडांची जागा होती, तिथे तिने वडिलांना कोपराला धरून खाली नेलं. कावळा एकही नव्हता. कॅनडाची जाडजूड बदकं काठावर चरत होती आणि त्यांना कशातच रस नव्हता. सबनिसांनी गाडीच्या किल्लीने मेण उकरलं. मंत्र दोघांनाही येत नव्हते. अबोली फक्त म्हणाली, "आई, मी एक वीक उशिरा आले. सॉरी." सबनिसांनी लोटी पाण्याशी नेली आणि वाकडी केली. पूड पाण्यावर जरा वेळ तरंगली, मग दगडाला वळसा घालून गेली.

ते उठायला लागले तेव्हा अबोलीने विचारलं, "बाबा, सगळं आहे ना?"

तेच शब्द, तोच आवाज. सबनीस पुन्हा खाली बसले. त्यांनी लोटी नदीत बुडवून भरली, खळखळून ओतली. दुसऱ्यांदा भरली, बोट घालून आतून चारी बाजूंनी पुसली, ओतली. बोटही पाण्यात धुतलं. मग लोटी उलटी करून लेकीच्या तळहातावर ठेवली.

"सगळं," ते म्हणाले.

अबोली रविवारपर्यंत राहिली. तिने फ्रिजवरची यादी वाचली, काढली मात्र नाही. एअरपोर्टवर म्हणाली, "मला राग आहे अजून. जाईल तेव्हा जाईल. पण समरमध्ये तुम्ही शॉमबर्गला येताय, हे फायनल." सबनीस बरं म्हणाले. या वेळी जॉबचं कारण पुढे करायला त्यांना तोंडच नव्हतं.

मंगळवारी ते नेहमीच्या वेळी कामावर आले. डोनाने त्यांची खुर्ची खिडकीशी हलवली होती, उजेड बरा येतो म्हणून. त्यांनी ती उचलून पुन्हा जुन्या जागी आणली आणि भिंतीपासून दोन फूट पुढे ठेवली. अकरा वाजेपर्यंत कुणी आलं नाही. ते एक-दोनदा बोलायला गेले आणि थांबले. मग काठी टेकत एक म्हातारी बाई आली आणि मोकळ्या दालनात इकडेतिकडे बघू लागली.

"इथे काय होतं?"

"एका राजाची कबर होती."

"राजा होता आत?"

"नाही. राजा कधीच नव्हता."

"म्हणजे रिकामीच," बाई म्हणाली आणि खिडकीकडे निघाली, त्या फिकट चौकोनावरून सरळ.

सबनीस गुडघ्याची पर्वा न करता ताडकन उठले. "प्लीज," ते म्हणाले, "तिथे पाय नको."

बाईने खाली पाहिलं. खाली नुसती लाकडी जमीन होती. तिने सबनिसांच्या तोंडाकडे पाहिलं, काठी उचलली आणि चौकोनाला वळसा घालून खिडकीशी गेली. सबनीस पुन्हा खुर्चीवर बसले. म्युझियम बंद व्हायला अजून सहा तास होते.